हुरड्यात गेलेलं वर्ष

मी हुरडा खात नाही. आमच्या भागात हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या दातांकडं बघतो, मग एखाद्या डॉक्टरचा पत्ता सांगतो. अहो, दात धड आहेत, पोटही धड आहे. बिघडलंय ते डोकं, आणि ते एका दिवशी बिघडलं ते बिघडलंच. थंडी पडली की शेताशेतावरून बोलावणी येतात, "म्याडम, आगटी पेटवलीय, या की," आणि मी काहीतरी तिरकं बोलून मोकळी होते. रिटायर झाली तरी बाईचा फणकारा गेला नाही म्हणतात. न जाऊ दे. त्या दिवसानंतर मी हुरडा एकदाच तोंडात टाकला, हुमनाबादच्या बसस्टँडवर, उभ्या-उभ्या. तेही सांगणार आहे, पण आधी राग.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी होतं, गावातल्याच मंडळींनी काढलेलं. पत्र्याचं छत, पुढं लिंबाचं झाड, मागं सायकलींचा ढीग. मी तिथं मराठी शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, भाषेचा एक पेपर, आठवड्याला मोजके तास, इतिहास नि अर्थशास्त्र घेतलेल्या पोरांना तोंडी लावण्यापुरतं. बी.ए.च्या मुख्य विषयांत मराठी नव्हतंच. मुख्य विषय म्हणून घ्यायच्या मराठीला ऐच्छिक मराठी म्हणतात. ते नसलं की पुढं बी.एड.ला मराठी घेता येत नाही, एम.ए.ला जाता येत नाही, आणि मराठी शाळेत मराठीचा मास्तर होता येत नाही. मराठी शाळा मात्र आमच्याकडं गावोगाव. मास्तर यायचे लातूरकडून, उदगीरकडून, आणि तिकडं जागा निघाली रे निघाली की रातचं बोचकं बांधून पळायचे. मागं पोरं वर्षवर्ष बिनमास्तरची.

माझं स्वतःचं घर कानडी बोलणारं. आई देवाशी कानडीत बोलायची, भाजीवालीशी मराठीत भांडायची, वडील सही उर्दूत करायचे. राज्यं नव्यानं आखली आणि आमचा मुलूख म्हैसूर राज्यात आला तेव्हा मी शाळकरी पोर होते, आणि शाळेवरची पाटी बदलली यापलीकडं मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मराठी मला शाळेनं दिली आणि मी ती धरून ठेवली. म्हणून मला कुणी सांगायला येऊ नये की इथं मराठीवर अन्याय होतो नि अमुक होतं. अर्ज केला असता तर मिळत होतं. घात केला तो आमच्याच माणसानं, आणि तोही माझ्या हातात ताकाचा गडू देत.

पी.यू.सी.च्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गात मुडबीची एक पोरगी होती. रोज बसनं यायची. वर्गात पहिल्या बाकावर बसून माझ्याशी वाद घालायची, कवितेचा अर्थ पुस्तकात दिलाय तसा नाहीच म्हणून. तिचे वडील रस्त्याच्या गँगमध्ये कामाला, खडी-डांबराचं काम. छप्पन्न सालानंतर तिच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, आणि त्यांच्या वस्तीनं विहारात एक वाचनालय काढलं. वाचनालय म्हणजे एक लोखंडी पेटी, पुस्तकांनी भरलेली. ती पेटी या पोरीनं अख्खी वाचून काढली होती, काही पुस्तकं दोनदा. मुडबीच्या शाळेत मराठीला मास्तर टिकत नव्हता. पोरीच्या मनात होतं की आपणच तिथं मास्तरीण व्हायचं. हे तिनं मला बसची वाट बघता-बघता सांगितलं, आणि वर म्हणाली, "पन ऐच्छिक मराठी हाय कुटं म्याडम आपल्याकडं?"

त्या वाक्यानं मी उठले. प्राचार्यांकडं गेले, म्हटलं, ऐच्छिक मराठी सुरू करायचंय, येत्या नाही तर पुढच्या जूनला. प्राचार्य सज्जन माणूस, पदार्थविज्ञानाचे, जुन्या म्हैसूरकडचे. तिकडच्या कानडी वळणाच्या गोड मराठीत म्हणाले, "मॅडम, आपण करूया, पण सेक्रेटरी अण्णांना विचारून करूया." त्यांचं सगळंच अण्णांना विचारून असायचं. खिडकी उघडायची झाली तरी.

मग मी विद्यापीठात जाऊन सगळी वाट विचारून आले. नवा विषय सुरू करायचा तर आधी अर्ज. मग विद्यापीठाची पाहणी समिती येऊन वर्ग, मास्तर, ग्रंथालय डोळ्यांनी बघणार. तिनं शिफारस केली तर अभ्यास मंडळ अभ्यासक्रम ठरवणार, मग विद्यापरिषद मान्य करणार, मग कागद बेंगळूरला सरकारकडं, आणि तिथनं हुकूम आला की जूनमध्ये प्रवेश. प्रत्येकाच्या बैठकीचे ठरलेले महिने. एक बैठक हुकली की ते दार पुढच्या वर्षीच उघडणार. तेव्हा मी जूनवरून मागं-मागं मोजत आले आणि कधी काय व्हायला पाहिजे ते मांडलं.

ते मांडलेलं मी संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवलं. तारखा सांगायला लागले तर सेक्रेटरी अण्णांचे डोळे मिटायला लागले. अण्णा म्हणजे गावातले मोठे अडत व्यापारी, राजेश्वरच्या वाटेवर त्यांची मोठी शेती, कॉलेजची जागाही त्यांनीच दिलेली. वाईट माणूस नव्हे. वाईट असते तर मी सावध राहिले असते. मी म्हटलं, बरं, तुमच्या भाषेत सांगते. दिवाळीच्या आत अर्ज. संक्रांतीनंतर समिती. होळीला अभ्यास मंडळ. पाडव्याच्या पुढं-मागं विद्यापरिषद. वैशाखात बेंगळूरचा हुकूम. मिरगाला वर्ग. अण्णांचे डोळे खाडकन उघडले. "हां! आता कसं ध्यानात आलं. काढा अर्ज, अक्का." सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मी बाहेर येऊन शिपायाला चहा पाजला, इतका मला आनंद झाला होता.

अर्ज गेला. दिवाळीच्या आत गेला. त्याच सुमारास पोरीचे वडील एक दिवस कॉलेजात आले. अंगावर डांबराचे डाग, चप्पल बाहेर काढलेली. मी कितीदा बसा म्हटलं तरी उभेच.

"म्याडम, पोरीला पावने यायल्यात. उदगीरकडचे हाईत, मानसं बरी हाईत. मी थांबवून धरलंय. जूनला हितं मराठी निघतंय, मग ती शिकंल, आन आपल्याच गावच्या शाळेत लागंल, असं सांगून थांबवून धरलंय. माझी आई रोज भांडायलीय माज्यासंगं."

"मामा, उदगीरला ठेवून शिकवता येणार नाही का?"

"तितं कुनाच्या घरी ठिवू? आन दुसरं कायतरी शिकवायचं म्हनलं तर घरची मानसं इचारत्यात, कामून, कशापायी? मास्तरीण व्हनार म्हनलं की गप बसत्यात. एक जून मी धरतो, म्याडम. दुसरा जून माज्या हातात न्हाई."

मी म्हटलं, "हुकणार नाही मामा. माझा शब्द." असा शब्द देताना माणसानं आपल्या संस्थेत कोण-कोण बसलंय ते एकदा बघून घ्यावं.

संक्रांत झाली आणि समितीचा निरोप आला. तिघं जण येणार. ग्रंथालय हीच आमची दुखरी बाजू होती. मराठीची पुस्तकं म्हणावी तर दोन कपाटं, त्यातलं एक अर्धं रिकामं. समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी बघते तर पोरीचे वडील ती लोखंडी पेटी बसच्या टपावर टाकून घेऊन आलेले. सोबत पोरगी.

"मामा, ही तर गावची पेटी. गावाला विचारलंत का?"

"इचारलं की. बैठक घेतली विहारात. म्हातारी मानसंसुद्दा व्हय म्हनली. परत मागनार न्हाई, दिली म्हंजे दिली. पोरं शिकत्याल तितं ऱ्हाऊ द्या."

पोरीनं आणि मी संध्याकाळपर्यंत पुस्तकं पुसली, लावली, दोन्ही कपाटं गच्च भरली. प्राचार्यांनी येऊन बघितलं, चष्मा काढून पुसला. ठरलं असं, की सकाळी समिती आली की थेट ग्रंथालय, मग वर्ग, मग मराठीच्या पोरांशी बोलणं, आणि त्यानंतर जेवण. अण्णांच्या तोंडावर ठरलं. अण्णा म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, अक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तयार. पोरीचे वडील रजा टाकून परत आलेले, धुतलेला पांढरा सदरा, केसांना पाणी लावलेलं. पोरीला मात्र आजीनं त्या दिवशी घरीच ठेवून घेतलेलं. साहेबांनी विचारलं तर मुडबीच्या आणि आसपासच्या पोरी येणार आहेत हे आपण सांगायचं, असं ते घोकत होते. समितीची गाडी यायची वेळ झाली, गाडी नाही. वेळ टळली, गाडी नाही. प्राचार्यही नाहीत. दुपार व्हायला लागली तेव्हा अण्णांचा माणूस सायकलवरून आला. "म्याडम, तुमाला शेतावर बलवलंय. साहेब लोक तितंच हाईत. हुरडा केलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांनी हुमनाबादलाच, हमरस्त्यावर जीप उभी करून समितीला गाठलं होतं आणि कॉलेजच्या फाट्यावरून सरळ पुढं शेतावर नेलं होतं. बोलावणं मला, प्राचार्यांना, संस्थेच्या सगळ्यांना. पेटी आणणाऱ्या माणसाला कुणी या म्हटलं नव्हतं, आणि का म्हटलं नव्हतं हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तो नुसतं म्हणाला, "जाऊन या म्याडम. मी हाय हितं. कुलूप लावू नका."

राजेश्वरकडं जाणाऱ्या एका टेम्पोला हात करून मी पुढं ड्रायव्हरजवळ बसून गेले. शेतावर बघते तो काय थाट! आगटी पेटलेली, कोवळी कणसं भाजायला टाकलेली, दोन गडी तळहातावर चोळून गरम-गरम हिरवे दाणे पाटीत टाकतायत. गूळ, कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, ताकाची घागर. समितीतले दोघं पटकुरावर मांडी घालून चघळत बसलेले. समितीचे अध्यक्ष चिंचेखाली बाजेवर, तोंडावर रुमाल टाकून, गाढ. आणि आमचे प्राचार्य हातात चटणीची वाटी घेऊन, जमीन दुभंगली तर बरं अशा चेहऱ्यानं बसलेले.

"बसा की अक्का, गरम हाय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आधी ग्रंथालय ठरलं होतं ना? सगळे वाट बघतायत तिथं."

"जाऊ की. कुटं पळून जायलंय का गंतालय? अक्का, तुमीच लिवलाव की, सक्रांतीनंतर समिती म्हनून. सक्रांतीनंतर हुरडा न्हाई तर काय असतंय आपल्याकडं? पावने आल्यात, अन् कोरडं धाडायचं का?"

"मग आता खाऊन झालं ना? उठवा त्यांना."

अण्णांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यावर चप्पल ठेवली. "अक्का! जेवून आडवं झालेल्या पावन्याला उटवायचं? तुमच्या घरात करतेत का असं?"

नाही करत. आमच्या घरात काय, त्या अख्ख्या मुलखात करत नाहीत. पाहुणा जेवून कलंडला की त्याच्या आसपास माणसं पायाच्या चवड्यांवर चालतात, पोरांना दामटून गप्प करतात. पण पाहुणा काय अण्णांच्या लेकीचा सासरा होता? कामावर आलेला, विद्यापीठाचा भत्ता घेऊन आलेला माणूस होता! मी मोठ्यानं खोकले. घागरीवरचं झाकण आपटलं. मग सरळ बाजेजवळ जाऊन म्हटलं, "सर, उठा. कॉलेज बघायचंय." रुमालाखालून आवाज आला, "हां हां, येतो, येतो," आणि महाशय कुशीवर वळले. बाकीचे दोघं कौतुकानं हसले. अण्णांनी मला हातानं बाजूला केलं आणि माझ्या हातात ताकाचा गडू दिला. मी तो जमिनीवर ठेवला. आजही वाटतं, ओतायला पाहिजे होता.

ऊन कललं तेव्हा साहेब उठले, तोंड धुतलं, पुन्हा थोडा हुरडा खाल्ला. कॉलेजवर गाडी आली तेव्हा दिवस बुडायला आलेला, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं लाइट गेलेली. अध्यक्ष गाडीतून एक पाय खाली टाकून बसले, दुसरा आतच. बोटं हुरड्यानं काळी झालेली, ती रुमालाला पुसत म्हणाले, "आता अंधारात काय दिसणार मॅडम? आम्हाला पोचायला रात्र होईल."

"सर, दहा मिनिटं. कंदील आहे. कपाटं उघडी आहेत."

"व्यवस्था चांगली दिसतेय. काळजी करू नका."

ग्रंथालयाच्या पायरीवर पोरीचे वडील हात जोडून उभे होते. सकाळपासून तोंडात घोकलेलं वाक्य तसंच तोंडात. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, तेवढ्यात गाडीचा दरवाजा लागला. गाडी गेली. अण्णा जीपमधून उतरले, हातात कागदात बांधलेली पुडी. भोळेपणानं, अगदी खऱ्याखुऱ्या भोळेपणानं ते पायरीजवळ आले आणि म्हणाले, "तू बी उपाशीच ऱ्हायलास की रे दिसभर. ह्ये घे, हुरडा आनलाय तुला." पुडी पायरीवर ठेवली, हातात नाही दिली. पोरीच्या वडिलांनी पुडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "चलतो म्याडम, शेवटची बस हाय," म्हणाले. पुडी तिथंच राहिली. सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

पुढचं तर आणखी चीड आणणारं. समितीचा अहवाल गेला. त्यात लिहिलं होतं की वेळेअभावी ग्रंथालय व वर्ग यांची पाहणी होऊ शकली नाही, सबब शिफारस करता येत नाही, पुढील वर्षी फेरपाहणी व्हावी. अरे वा! खाताना नियम आठवला नाही, झोपताना आठवला नाही, लिहिताना मात्र नियमाला जागले! मी अध्यक्षांना जाऊन भेटले. ते शांतपणे म्हणाले, "न बघता शिफारस कशी करणार? खोटं लिहायला सांगता का?" आणि मी उठायला लागले तर म्हणतात, "पुढच्या वर्षी येऊच. तुमच्याकडचा पाहुणचार मात्र विसरता येत नाही." मी म्हटलं, "आम्हालाही येणार नाही." आणि दार आपटून आले. दार आपटल्यानं होळीची बैठक थोडीच पुढं जाते? होळी गेली, पाडवा गेला.

संस्थेच्या बैठकीत मी अण्णांना विचारलं, आता काय? अण्णांना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण म्हणाले, "जाऊ द्या अक्का. एक वर्स काय मोठं व्हतंय? पुडच्या वर्सी काडू. कॉलेज हितंच हाय, तुमी हितंच हाव, आमी हितंच हाव."

"अण्णा, तुमच्या धाकट्याच्या मेडिकलच्या अर्जाला एक दिवस उशीर होत होता, तेव्हा तुम्ही स्वतः जीप घेऊन बेंगळूरला पळालात. तेव्हा एक दिवस मोठा होता, आणि आता वर्ष लहान झालं? कुणाचं वर्ष आहे ते बघून त्याची लांबी ठरते का?"

प्राचार्य टेबलाकडं बघत राहिले. मग अण्णा हसून म्हणाले, "अक्काचं डोस्कं लई गरम झालंय. ताक द्या रे कुनीतरी." आणि सगळे हसले. प्राचार्यसुद्धा, अगदी थोडं. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ अपमान गिळले, बाई माणसाला गिळावेच लागतात, पण ते हसू अजून घशात आहे.

मुडबीला मी स्वतः गेले. शब्द मी दिला होता, तेव्हा तोंड दाखवणं भाग होतं. पोरगी घरात नव्हती, आजीबरोबर रानात गेलेली. वडिलांनी अंगणात बाज टाकली, चहा सांगितला. मी अहवालाचं सांगितलं. मग त्या दिवशी शेतावर काय-काय झालं तेही सांगितलं, रागाच्या भरात, हात नाचवत, अध्यक्षाच्या रुमालासकट. त्यांना नुसतं हुरडा केला होता एवढंच ठाऊक होतं. ते ऐकून घेत होते.

"म्याडम, एक करा. ह्ये पोरीला सांगू नका. साहेब लोकाला टाईम मिळाला न्हाई, इतकंच सांगतो मी तिला. टाईम न्हाई मिळाला म्हनलं तर मानूस सोसतंय. खाऊन झोपले म्हनून माजं शिक्शान गेलं, ह्ये कसं सोसावं त्या लेकरानं?"

"मामा, अजून एक वर्ष—"

"न्हाई व्हत, म्याडम. सांगितलं व्हतं मी तुमाला."

सांगितलं होतं. वैशाखात तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली, मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं? पेटीतली पुस्तकं परत न्या म्हणून निरोप पाठवला तर उलट निरोप आला, दिलेलं दिलं.

पुढच्या वर्षी समिती आली तेव्हा, दुसरी माणसं होती, मी सकाळपासून हुमनाबादच्या हमरस्त्यावर लॉऱ्यांच्या धुरात उभी राहिले. गाडी दिसली तशी आडवी गेले, आत चढून बसले, आणि सरळ ग्रंथालयाच्या दारात उतरवली. पाणीसुद्धा आधी दिलं नाही. अण्णा शेतावर आगटी पेटवून बसले होते, ते माझ्यावर पुढं कितीतरी दिवस रुसले. रुसेनात का. होळीला अभ्यास मंडळ, पाडव्याला विद्यापरिषद, वैशाखात हुकूम, सगळं माझ्या कागदाप्रमाणं झालं. म्हणजे बघा, होत होतं! ते सगळं आदल्या वर्षीही असंच झालं असतं. मिरगाला वर्ग भरला. अण्णांच्या हस्ते उद्घाटन झालं, हार-तुरे झाले, आणि अण्णांनी भाषणात सांगितलं की मराठीसाठी आपण काय-काय सोसलं. मी मागच्या रांगेत बसून होते. पहिल्या बाकाकडं बघवत नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, हुमनाबादच्या बसस्टँडवर मी बसची वाट बघत उभी होते. कुणीतरी मागून हाक मारली, "म्याडम!" तीच. अंगानं भरलेली, कडेवर एक पोर, शेजारी सासू, पायाशी पिशवी. उदगीरकडून आलेली, माहेरी निघालेली. वाकून पाया पडली, कडेवरच्या लेकीलाही पडायला लावलं. मग पिशवीतनं फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि मूठभर माझ्या हातात घातलं. हिरवा हुरडा, नुकताच चोळलेला.

"घ्या की म्याडम. आमच्या रानातला हाय. अप्पासाटी न्यायलेय. अप्पा तर हुरडा खायाचंच सोडून दिलाय बगा, कामून काय म्हाईत. इतका आवडायचा तेला! म्हनलं, नातीच्या हातानं तरी खाईल."

मी दाणे तोंडात टाकले. तिच्यासमोर दुसरं काय करणार होते? गोड होते.

"निगालं का वो आपलं मराठी?"

"निघालं. पुढच्याच वर्षी."

"बरं झालं." खरंच तिला बरं वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं. मग अभ्यासाला कोणती पुस्तकं आहेत विचारलं. मी दोन-तीन सांगितली, तर म्हणाली, "ती तर आमच्या पेटीतली हाईत की! वाचलेत मी." सासूला कौतुकानं सांगितलंही, ह्या माज्या म्याडम म्हणून. आणि मग, पोरीचं टोपरं नीट करत, सहज विचारल्यासारखं विचारलं:

"त्या वर्सी कामून हुकलं वो, म्याडम? अप्पा म्हनतो साहेब लोकाला टाईम न्हाई मिळाला. दिसभर आलते, मंग टाईम कसा न्हाई मिळाला?"

तिच्या वडिलांनी सांगू नका म्हटलेलं मला आठवत होतं. पण तोंडात दाणे होते, आणि इतक्या वर्षांचा राग होता, आणि ती माझ्याकडं तशीच बघत होती, पहिल्या बाकावरून बघायची तशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "हुरड्यामुळं."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली आणि मग खदखदून हसली. तिला वाटलं, म्याडम थट्टा करायल्यात. सासूलाही हसू आलं. तेवढ्यात मुडबीची बस लागली, माणसं धावली, ती पोरीला सावरत चढली, खिडकीशी जागा मिळाली. अजून हसतच होती.

"थांबा, आता अप्पाला बी सांगते," खिडकीतनं वाकून ती म्हणाली, "म्याडम काय म्हनल्या ते. लई दिस झालं हसला न्हाई त्यो."

मी हात वर केला, नको म्हणायला. तिनंही हात हलवला, आणि बस निघाली.